पासंग

दुकानातला मुलगा छताच्या पंख्याकडे बघत विचारतो,
"साइज?"
मी म्हणते, उजवीकडे छत्तीस,
डावीकडे काही नाही.
पंखा फिरत राहतो.
मग तो आत हाक मारतो, "दमयंतीबेन, जरा बघा ना."

लालबागच्या या दुकानात मी पूर्वी आले आहे,
गिऱ्हाईक म्हणून नव्हे.
वैधमापन खात्यात निरीक्षक होते, एकतीस वर्षं.
समोरच्या मसालेवाल्यांचे तराजू तपासले,
पारड्याखाली चिकटवलेली चिंच नखाने खरवडून काढली.
मीटरपट्टी दोन सूत कमी भरली
म्हणून धरोडशेठच्या वडिलांना दंड लावला.
ते आता फोटोत, चंदनाच्या हारात.
माझ्याकडे बघतात.
बघोत.

दमयंतीबेन खोक्यांवर खोकी काढते.
ही तारेची. तार नेमकी टाक्यांवर बसते.
ही मागून हुकाची. काखेतल्या गाठी काढल्यापासून
डावा हात मागे पोचत नाही,
शेजारणीने सांभाळायला दिलेल्या मुलासारखा
जपून वागवावा लागतो.
ही दोन्हीकडे टणक,
आत कुणी राहत असो नसो.

पडद्यामागे आरसा कमरेपर्यंतच.
व्रण आडवा, काखेपासून मधल्या हाडापर्यंत.
डॉक्टर म्हणाले होते, छान भरलाय.
मीही असंच लिहायचे शेऱ्यात:
तपासले, समाधानकारक.

फोमचं लावून पाहिलं. दोन पावलांत ते गळ्याशी.
सिलिकॉनचं हातात घेतलं: गार, जड,
बर्फातून नुकतं काढलेलं पापलेट.
साडेसात हजार.
"ऑक्टोबरात खाली घामोळं येतं," दमयंतीबेन म्हणाली,
शेठला ऐकू जाणार नाही अशा बेताने.
तिच्या जावेला आलं होतं.
म्हणजे तिची जाऊही.

वजनाबद्दल कुणी बोलत नाही.
खांदा बोलतो. रात्री मान बोलते.
एका पारड्यात माल, दुसरं वर लटकलेलं,
काटा म्हणून मध्यावर यायला तयार नाही.
असा तराजू मी जागच्या जागी जप्त केला असता.

शेवटी सुती घेतली, बदामी रंगाची,
पुढून हुक, पट्टे बोटभर जास्तच रुंद.
जन्मात अशी कुरूप घेतली नव्हती.
घालून जिना उतरले आणि
आपण काही घातलंय हेच विसरले.

काळाचौकीला फिलोमिनाकडे आतून खिसा शिवायला टाकली.
"मोबाइलसाठी?"
हो म्हणणार होते. मग सांगितलं.
ती दातांतल्या टाचण्यांमधून म्हणाली,
"मग शिवण बाहेरून घेते, टोचेल नाहीतर."
तेवढंच. पैसे मात्र पूर्ण घेतले.

माळ्यावरच्या पेटीत निनादची उशी होती, मोहरीची,
बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून आईने भरलेली.
डोकं काही गोल झालं नाही,
नाशिकला असतो, मागून अजून चपटाच आहे.
उशी उसवली, मोहरी पाखडली,
दोन दिवस खिडकीत ऊन दाखवलं.

पहाटे साडेपाच. नळाला पाणी आलेलं.
ओट्यावर स्वयंपाकघरातला काटा.
उरलेल्याचं वजन कसं घ्यावं
हे खात्याच्या नियमपुस्तकात नाही.
वाकले. ठेवलं थाळीत.
चारशे दहा.
एकटीच हसत सुटले, हंडा भरून वाहून गेला.

चारशे दहा मोजून घातली,
तरी कुठेतरी कललेलंच.
मग चिमूट, आणखी एक चिमूट.
ज्यासाठी जन्मभर लोकांना दंड केला
तो पासंग स्वतःच्या हाताने लावला
आणि खांदा सरळ झाला.

चालताना आत बारीक सळसळ होते.
बाजारात भाजीवाल्याच्या तराजूकडे
सवयीने डोळा जातोच,
पण परवा काही बोलले नाही.

धुताना एवढं लक्षात ठेवायचं:
मोहरी आधी काढून ठेवायची.
भिजली तर मोड येतील.